मेश्रामभाऊंच्या भिंतीवरचे जोडे

अहेरीत बिऱ्हाड लावलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी माझ्या चपला दारातून नाहीशा झाल्या आणि थोड्या वेळानं शेजाऱ्याच्या भिंतीवर टांगलेल्या सापडल्या.

शाळेत रुजू व्हायचा तो माझा पहिला दिवस. डबा-पिशवी घेऊन दारात आले तर चपला नाहीत. आमच्या ह्यांचे बूटही नाहीत. कुत्र्यानं नेले म्हणावं तर दोघांचेही कशाला नेईल? मी अंगणात इकडेतिकडे बघत होते, तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आवाज आला.

"बाई, तुमच्या चपला इथी हायेत. या, घेऊन जा."

मी आत डोकावले. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि उजवीकडची अख्खी भिंत जोड्यांनी भरलेली होती. काळे बूट, तपकिरी बूट, कोल्हापुरी, कॅनव्हासचे, पावसाळी. सगळे टाचेवर अडकवलेले, सगळ्यांची नाकं खाली, एका रेषेत. मधल्या ओळीत माझ्या चपला आणि ह्यांचे बूट. खाली एक उंच, सडपातळ गृहस्थ बनियनवर उभे, हातात फडकं.

"तुम्ही आणल्या इथं?"

"मीच आनल्या. रातभर भुईवर होत्या. जंगलाचा मुलूख हाय बाई, इचू जाऊन बसते आत. तुमी नवीन. तुमाले कोनी सांगतलं नसन म्हून उचलल्या."

"होता का विंचू?"

"नाई," ते म्हणाले. त्यांना त्याचं जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं. "पन असता तं?"

त्यांनी दोन्ही हातांनी चपला खाली काढल्या, फडकं फिरवलं, माझ्या पायांपुढे ठेवल्या आणि म्हणाले, "उजवी टाच लय झिजवता बाई. पिशवी उजव्या खांद्यावर घेता काय?"

पिशवी उजव्याच खांद्यावर होती. मी ती डाव्या खांद्यावर घेतली आणि रागारागानं शाळेत गेले. संध्याकाळी डावा खांदा दुखत होता.

हे मेश्रामभाऊ. कागदोपत्री नाव दुर्योधन. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे वडसा-चंद्रपूरच्या या जंगलभागात, आईबापांना नाटकाचा नाद असला की मुलांची नावं अशी पडतात. त्यांचा एक भाऊ अभिमन्यू होता म्हणे, आणि मेश्रामभाऊ सांगत की लहानपणी त्यांनी मार मात्र नेहमी अभिमन्यूकडूनच खाल्ला. वनखात्याच्या कचेरीत ते नकाशे काढायचे. आमचे हे त्याच कचेरीत कारकून, त्यामुळे दारातले बूट कोणाचे हे त्यांना आधीच ठाऊक होतं. वय पन्नाशीला टेकलेलं. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही हे कोणी विचारलं तर म्हणायचे, "टाइम नाई भेटला." त्यांच्याकडे वेळ किती होता हे सगळ्या ओळीला दिसत होतं.

आमची ती ओळ म्हणजे कौसल्याबाईंच्या कौलारू घराला चिकटून काढलेल्या खोल्या. पहिली भाऊंची, दुसरी आमची, पुढे दोन-तीन बिऱ्हाडं. भाऊंनी त्यांच्या खोलीत आल्या-आल्या ती भिंत तयार केली होती. सागवानाच्या पट्ट्या रंधा मारून घेतलेल्या, जोडीजोडीनं ठोकलेल्या, मधे टाच अडकेल एवढी फट. ठोकताना गवंड्याचा ओळंबा आणून लावला होता. नकाशे काढणाऱ्याचा हात, त्यामुळे एकही पट्टी तिरपी नव्हती. वरच्या ओळीला ते 'आफिसर लाइन' म्हणत. तिथं त्यांचे स्वतःचे चांगले जोडे. खालच्या ओळीत पावसाचे आणि चिखलाचे. मधली ओळ पाहुण्यांची. ती नेहमी रिकामी ठेवलेली असे, आणि कोणी आलं की सगळ्यात आधी त्याचे पाय रिकामे केले जात.

स्वतःचे जोडे त्यांच्याकडे इतके होते की त्यांतल्या काहींना वर्षातून एखाददाच ऊन दिसायचं. चंद्रपूरला गेले की एक जोडा, आठवडी बाजारात पटला तर एक जोडा. कपडे मात्र तेच दोन शर्ट. रविवारी सकाळी ओट्यावर चटई टाकून ते सगळे जोडे उन्हात मांडत आणि पॉलिश करत बसत. मधून मधून एखादा हातात धरून लांबून बघत, जशी बाई साडी बघते तसं. आम्ही बायका पाण्याला जाता-येता हसायचो. भाऊंना त्याचं काही नव्हतं. "हासा, हासा," ते म्हणत. "पन चपला उंबऱ्यात नोका सोडू."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "टाच अडकली का मानूस बसला." पाहुण्याची चप्पल मधल्या पट्टीवर चढवताना ते हे पुटपुटत. याचा अर्थ काय हे मला त्यांच्या साहेबांच्या वेळी समजलं.

साहेब एकदा जीपनं आलेले. कुठल्याशा नकाशाबद्दल विचारायचं होतं. दारातच उभं राहून विचारणार आणि जाणार, असा त्यांचा बेत. पण भाऊ खाली वाकले आणि नाड्याच सोडायला लागले. साहेबांना पाय मागे घ्यावा की पुढे द्यावा कळेना. बूट मधल्या ओळीत गेले. साहेब बसले. चहा झाला. मग पोहे झाले. मग भाऊंनी नकाशा काढला, तो समजावला, मग वडसा भागातल्या त्या वर्षीच्या नाटकांच्या गोष्टी काढल्या. कुठल्या मंडळीचा खलनायक कसा चालतो, हे खोलीत चालून दाखवलं. साहेब घड्याळ बघत होते.

"मेश्राम, माझे बूट द्या आता."

"देतो ना साहेब. ओले होते, सुकून राह्यले."

"ओले नव्हते हो."

"आतून होते साहेब. घाम येते तुमाले."

पुन्हा चहा आला. शेवटी भाऊ कपबशा ठेवायला आत गेले तेवढ्यात साहेब शेजारच्या दारातल्या कोणाच्या तरी रबरी स्लिपरा पायात सरकवून जीपमध्ये जाऊन बसले. त्या माझ्याच होत्या. दुसऱ्या दिवशी भाऊंनी बूट कचेरीत नेऊन दिले, असे चमकवलेले की साहेबांनी आधी दुसऱ्याचे म्हणून बाजूला सारले. माझ्या स्लिपरा ड्रायव्हरनं परत आणल्या, तेव्हा साहेबांनी त्या धुवून पाठवल्या होत्या. तोपर्यंत रोगाची लागण झाली असावी.

भाऊंचा दुसरा नाद म्हणजे जोडा बघून माणूस सांगणं. हे ते कोणी न विचारता सांगत आणि मोठ्यानं सांगत. हेडमास्तरांना म्हणाले, "तुमी समोरून झिजवता. म्हंजे अंगठ्यावर चालता. पोरायले चोरून पकडता काय?" पोस्टमनला म्हणाले, "दोनी टाचा सारख्या. तुमचा कोनावर राग नाई." आमच्या ह्यांना म्हणाले, "बुटाची नाडी एकच सोडता, दुसरी तशीच काढता. घरी बाईचं एकच ऐकत असान." याच्यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. ते बरोबर सांगायचे की चूक, ते मी आजही सांगू शकत नाही. पण आपल्या चपला त्यांच्या हातात गेल्या की जो तो सावरून बसायचा, एवढं खरं.

कौसल्याबाईंशी त्यांचं वाजलं ते याच भिंतीवरून. कौसल्याबाई आमच्या घरमालकीण. पांढऱ्या केसांच्या, ताठ, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे सगळ्यांशी ओरडून बोलणाऱ्या. बरीच वर्षं त्यांना भिंतीचा पत्ताच नव्हता. एकदा कोणीतरी सांगितलं की भाऊंच्या जोड्यांच्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला बाईंचं देवघर आहे. एकच भिंत. अलीकडे जोडे, पलीकडे देव.

बाई आल्या त्या अंगणातूनच ओरडत. "मेश्राम, माह्या देवाच्या पाठीवर जोडे लटकवून ठेवले तुमी. खोली खाली करा."

आम्ही सगळे बाहेर आलो. भाऊ बाहेर आले. मला वाटलं, आता होणार काहीतरी. त्या काळी आणि त्या गावात ही गोष्ट नुसती जोड्यांची राहिली नसती. हिंदू घरमालकीण, बौद्ध भाडेकरू, आणि मधे भिंत. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर ओळ फुटली असती. आमचे हे पुढे व्हायला लागले होते.

भाऊ शांतपणे म्हणाले, "बाई, आधी पाहून तं घ्या. मंग काढतो."

बाई पाहायला तयार झाल्या. दारात आल्या. आणि भाऊ सवयीनं वाकले, त्यांच्या पायांतल्या जुन्या, टाचा उचकटलेल्या चपला उचलल्या, फडक्यानं पुसल्या आणि मधल्या ओळीत बरोबर मध्यभागी लावल्या. बाई बघत राहिल्या. आयुष्यात त्यांच्या चपलांना कोणी हात लावला नव्हता, पुसणं दूरच. मग त्यांनी बाकीची भिंत पाहिली. वरची ओळ, खालची ओळ. हात लावून पट्टी पाहिली.

"सागवान हाय काय?"

"सागवान हाय."

"माह्या देवघरात हलका लाकूड लावून देल्ला त्या सुतारानं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला अर्धा राग त्या सुताराकडे गेला होता. थोडा वेळ आणखी बघून त्या म्हणाल्या, "तळवा देवाकडं नाई पाह्यजे. नाक करा तिकडं."

"नाक खालीच हाय बाई. तळवा खोलीकडं येते."

"मंग ठीक हाय," बाई म्हणाल्या आणि बसल्या. टाच अडकली होती. चहा झाला, पोहे झाले. पुढच्या महिन्यात भाऊंनी त्यांच्या देवघरासाठी सागवानाची फळी बसवून दिली, ओळंबा लावून.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग मंदाच्या लग्नाचं निघालं.

मंदा माझी धाकटी बहीण. वडील गेल्यापासून आई चंद्रपूरला काकांकडे आणि मंदा माझ्याकडे, असं आम्ही वाटून घेतलं होतं. अहेरीत ती बालवाडीत शिकवायची. रंगानं सावळी, बोलायला फटकळ. तिला बघून गेलेल्यांपैकी एका घरानं रंगावरून नकार दिला होता, दुसऱ्यानं काही न सांगता. आई प्रत्येक नकारानंतर पोस्टकार्डात फक्त हवापाण्याचं लिहायची. त्यावरून मला कळायचं की ती रडली आहे.

चामोर्शीकडचं एक स्थळ आलं. त्यासाठी आई चंद्रपूरहून आली, ती मग माझ्याकडेच राहिली. आमची खोली लहान, म्हणून पाहुण्यांना भाऊंच्या खोलीत बसवायचं ठरलं. भाऊंनी आदल्या दिवशी मधली ओळ साबणानं पुसून काढली. पाहुणे आले, जोडे भिंतीवर गेले, मंदा चहा घेऊन आली. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात भाऊ नवरदेवाच्या बुटाकडे बघून म्हणाले, "हे टाच बाहेरून झिजते, म्हंजे मानूस घरात ठरत नाई. रोज संध्याकाळी कुठी जाते हा?"

नवरदेवाच्या वडिलांनी नवरदेवाकडे पाहिलं. त्या पाहण्यावरून वाटलं, की हा प्रश्न त्यांच्याही मनात बरेच दिवस असावा. मंदाला हसू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. पाहुण्यांनी स्वतः उठून भिंतीवरून जोडे ओढून काढले, पट्टी खिळखिळी झाली, आणि ते गेले.

आई रात्रभर बोलली नाही. मंदा म्हणाली, "बरं झालं, मला नव्हताच आवडला." पण ती सारखी उगाचच स्वयंपाकघरात जात होती. दुसऱ्या दिवशी भाऊ आमच्या दारात आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "बाई, माह्या तोंडाले लगाम नाई. आईले सांगा, माफी मागून राह्यलो." आईनं आतून ऐकलं, पण ती बाहेर आली नाही. त्या आठवड्यात भाऊंनी कोणाच्याच जोड्यावर काही भाष्य केलं नाही. पोस्टमन काळजीनं विचारून गेला, "भाऊले बरं नाई काय?"

उन्हाळ्याच्या तोंडाला वडशाकडचं स्थळ आलं. मुलगा प्रकाश, एका खेड्यात नुकताच मास्तर लागलेला. येणार कोण, तर मुलगा आणि मुलाचा मामा. खोलीचा प्रश्न पुन्हा होताच. मी भाऊंकडे गेले.

"भाऊ, खोली द्याल ना?"

"खोली घ्या ना. मी कचेरीत जाऊन बसतो त्या दिवशी. सुट्टी असली तरी बसतो."

"तसं नको. घरात मोठं माणूस पाहिजे. ह्यांना बोलता येत नाही. फक्त एक करा, जोड्यांबद्दल काही बोलू नका."

"नाई बोलत."

"चांगलंही बोलू नका."

"आजपासून मुका हाव म्हून समजा," ते म्हणाले, आणि खरोखरच तिथून पुढे माझ्याशीही बोलले नाहीत.

पाहुणे दुपारच्या बसनं आले. मामा ऐसपैस, मिशीवाला, गडगडाटी हसणारा. मुलगा बारीक, घामानं डबडबलेला. पायांत लखलखणारे, टोकदार, काळे-पांढरे बूट. असे बूट अहेरीत मी कोणाच्या पायात पाहिले नव्हते. चालताना ते मागे राहायचे आणि पाय पुढे यायचा. मंदा खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "ताई, मास्तर आहे की बँडवाला?"

भाऊंनी मामांच्या चपला घेतल्या, पुसल्या, लावल्या. मग प्रकाशचे बूट उचलले. आणि थांबले. मी दारातून बघत होते. त्यांनी बूट उलटा केला, सुलटा केला, प्रकाशकडे पाहिलं. प्रकाशनं मान खाली घातली. पण भाऊ काही बोलले नाहीत. बूट पुसून त्यांनी मधल्या ओळीत लावले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले, ओठ घट्ट मिटून.

चहा झाला. मंदाला विचारलं, शिकलीस किती, गाणं येतं का. मंदा म्हणाली, गाणं येत नाही, पण बालवाडीतली मुलं गप्प करता येतात. मामा हसले. सगळं बरं चाललं होतं, आणि मामांनीच घात केला.

"अरे हो," ते भाऊंकडे वळून म्हणाले, "तुमी जोड्यायवरून मानूस सांगता म्हने. बसमधे एक जन सांगून राह्यला होता. सांगा ना मंग, आमचा पोट्टा कसा हाय?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी नको म्हटलं. आईच्या हातातला पदर तोंडाशी गेला. प्रकाश तर भिंतीसारखा पांढरा झाला होता.

"सांगा ना भाऊ," मामा म्हणाले. "भिऊन राह्यले काय?"

भाऊ उठले. भिंतीजवळ गेले. बुटांना हात न लावता नुसतं बघत राहिले.

"हे जोडे," ते म्हणाले, "लय लोकायसमोर उभे राह्यलेले हायेत. डगमगत नाईत."

मामांनी मांडीवर थाप मारली. "मास्तर हाय ना बावा तो. वर्गापुढे उभा राह्यते. बरोबर सांगतलं."

एवढंच बोलून भाऊ पुन्हा स्टुलावर बसले. मंदानं पहिल्यांदा त्या मुलाकडे नीट पाहिलं. मग आईनं मामांना आमच्या खोलीत बोलावलं, घरची-दारची विचारपूस सुरू झाली, मंदा आणि मी पोहे करायला गेलो. प्रकाश आणि भाऊ तेवढे खोलीत राहिले. निघायच्या वेळी मी पाहिलं, तर भाऊ ओट्यावर खाली बसून प्रकाशच्या बुटांच्या नाड्या स्वतः बांधत होते. मला जरा जास्तच वाटलं. जाताना प्रकाश छान चालला. बूट मागे राहिले नाहीत.

संध्याकाळी मी विचारलं, "भाऊ, खरं सांगा, कसे होते जोडे?"

"चांगले होते," ते म्हणाले आणि ओटा झाडायला लागले. ओटा आधीच झाडलेला होता.

होकार आला. लग्न वडशाला झालं. भाऊ लग्नाला आले, पण मांडवात लोकांचे जोडे सांभाळणाऱ्या माणसाशेजारी जाऊन बसले आणि त्याला ओळीत कसे लावायचे ते शिकवत राहिले. जेवायला बोलवायला दोनदा माणूस पाठवावा लागला.

लग्नानंतर पहिल्यांदा प्रकाश आणि मंदा आमच्याकडे आले, तेव्हा प्रकाश बसमधून उतरून आधी भाऊंच्या खोलीत गेला. मी मंदाला विचारलं, "मेहुणा आमचा की त्यांचा?" मंदा म्हणाली, "ताई, तुला अजून माहीतच नाही." आणि मग तिनं सांगितलं. मधे मधे प्रकाशनंही सांगितलं, लाजत लाजत.

ते बूट प्रकाशचे नव्हतेच. त्याच्याजवळ रबरी स्लिपरांशिवाय काही नव्हतं. त्याचा एक मित्र वडशाच्या एका नाटक मंडळीत पेटी वाजवायचा. हंगाम संपलेला, कपड्यांची ट्रंक त्याच्या घरी पडलेली. त्या ट्रंकेतून त्यानं खलनायकाचे बूट काढून दिले. खलनायक धिप्पाड, म्हणून बुटांच्या नाकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते.

भाऊंनी ते बूट त्याच हिवाळ्यात रंगमंचावर पाहिले होते. हातात घेताक्षणी ओळखले. त्यांना त्या मंडळीचं नाव, नाटकाचं नाव आणि बूट घालणाऱ्याचं नाव, सगळं ठाऊक होतं. शिवाय बूट उलटा केल्यावर त्यातला एक बोळा त्यांच्या हातात आला. तो त्यांनी मुठीत धरून ठेवला होता आणि मूठ धरूनच ते मामांपुढे बोलले होते.

"तुम्ही सगळे आत गेलात ना," प्रकाश म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, हे आता मला विचारणार. मी म्हणणार होतो, चुकलो. पण त्यांनी काही विचारलंच नाही. घरातला कापूस आणला आणि बुटात नीट भरायला लागले. म्हणाले, कागद आवाज करते, कापूस बरा. मग भरता भरताच बोलले."

"काय बोलले?"

प्रकाशनं भाऊंच्याच भाषेत सांगितलं. "म्हणाले, 'मी बी गेलतो एकदा असाच, पोरगी पाहाले. जोडे दोस्ताचे होते. पोरीच्या भावानं वळखले. त्यानं सगळ्यायसमोर नाव घेऊन सांगतलं, हे तं अमक्याचे जोडे हायेत. लोक हासले. पोरगी बी हासली. तिचं काई चुकलं नाई, हासू येनारच होतं. मलेच तिथी बसता नाई आलं. तसाच उठलो, जोडे तिथीच राह्यले. पायीच आलो घरी. मंग परत कोनाची पोरगी पाहाले गेलोच नाई.'"

शेजारच्या खोलीतून भाऊंचा खोकला ऐकू आला. एवढी वर्षं शेजारी राहून, त्यांच्या हातचे इतके पोहे खाऊन, त्यांनी ही गोष्ट आम्हाला सांगितली नव्हती. घामाघूम झालेल्या अनोळखी मुलाला मात्र सांगितली, त्याला धीर यावा म्हणून.

मी भाऊंना त्याबद्दल कधी विचारलं नाही. आईला मात्र सांगितलं. आईनं त्या दिवशी सांजेच्या वेळी भाऊंकडे ताटभर भाकरी-वांग्याची भाजी नेली, आणि त्या चामोर्शीच्या प्रसंगानंतर पहिल्यांदा त्यांच्या खोलीत बसून बोलली. काय बोलली दोघं, ते मला माहीत नाही. ती परत आली तेव्हा म्हणाली, "एकटा माणूस आहे गं. भाजीत मीठ जास्त पडलं होतं, तरी चांगली म्हणाला."

पुढच्या हिवाळ्यात वडशाकडे नाटकं सुरू झाली. भाऊ दरवर्षी जात, पण रात्रीचं नाटक बघून सकाळच्या गाडीनं परत येत, उरलेली रात्र बसस्टँडवर काढत. त्या वर्षी प्रकाश त्यांना न्यायला स्वतः अहेरीला आला. पत्र आधी टाकलं होतं. भाऊ सकाळपासून तयार होते. नवा शर्ट, पिशवी बांधलेली, ओट्यावर बसलेले. मला म्हणाले, "जावई म्हनून राह्यले म्हून चाललो बाई. नाईतर मले कामं लय हायेत इथी."

"राहा की मग चार दिवस," मी म्हटलं.

"चार दिवस काऊन? लोकायच्या घरी एवढं राहू नये."

प्रकाशनं त्यांची पिशवी उचलली. भाऊंनी ती परत घ्यायचा प्रयत्न केला, मग सोडून दिली. आम्ही तिघं बसस्टँडकडे चाललो. बाजाराचा दिवस होता, रस्त्यात गर्दी. भाऊ मधेच थांबले आणि प्रकाशकडे न बघता विचारलं, "तिथी कोनी इचारलं, हे बुवा कोन लागतात तुमचे, तं काय सांगान?"

प्रकाशला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत तो म्हणाला, "काय सांगणार? बायकोच्या माहेरचे आहेत, असं सांगीन."

बस आली, प्रकाश जागा धरायला आत चढला. भाऊ दाराशी दांडी धरून उभे राहिले, माझ्याकडे वळले.

"माहेरचे म्हंते," ते हळूच म्हणाले, आणि चढले.